घरसजावट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा साताऱ्याजवळचा वडिलोपार्जित वाडा उतरवला असून त्याच्या सागवानी तुळया, काही खांब आणि एक नक्षीदार दरवाजा वाटणीत आमच्याकडे आला आहे. पुण्यातील नव्या फ्लॅटचे फर्निचर त्यातून करावे, अशी आमची इच्छा आहे. इंटिरियर डिझायनरच्या मते मात्र जुने लाकूड कटकटीचे असते. लाकूड विकून एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर) अ‍ॅक्रिलिकचे चकचकीत फर्निचर करावे, असे ते सुचवतात. दोन्हींचा खर्च जवळपास सारखाच आहे. काय करावे?

उत्तर : लाकूड विकू नये. वाड्यांच्या तुळया बहुधा मोठ्या झाडांच्या गाभ्यातून काढलेल्या असतात, आणि सागाच्या गाभ्यात मुळातच असलेल्या तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. शिवाय इतकी वर्षे वाळलेले लाकूड नव्या, अर्धवट वाळलेल्या लाकडाइतके पिळत नाही. तरीही आधी प्रत्येक तुळईची टोके तपासावीत, कारण भिंतीत गाडलेला भाग ओलीने कुजलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. तेवढा भाग कापून टाकला की उरलेले लाकूड बहुतेक वेळा उत्तम निघते. वखारीत चिरायला नेण्यापूर्वी सगळे खिळे काढून घ्यावेत. आत राहिलेला एक खिळा करवतीचे पाते मोडतो, आणि मग वखारवाला उरलेले लाकूड हातात घ्यायला तयार होत नाही.

आपल्या डिझायनरचे म्हणणे एका बाबतीत रास्त आहे. कपाटाचे सांगाडे आणि पाठी भरीव सागात करणे ही उधळपट्टी होय, कारण रुंद फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दारे अडकू लागतात. सांगाड्यासाठी आयएस ७१० या भारतीय मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे, ज्याचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी मानकाचीच अट आहे. साग जेवणाचे टेबल, पलंग, खुर्च्या आणि कपाटाच्या दारांच्या चौकटी यांसाठी राखावा, सांधे कुसू (खाचेत बसणारी लाकडी जीभ) बसवून करून घ्यावेत आणि चौकटीतील फळी खाचेत सैल ठेवावी, म्हणजे तिला हलायला जागा राहते. एमडीएफबद्दल माझे मत कडक आहे : सिंकखालच्या नळाची एक गळती त्याला पुरते, आणि बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की त्याच भोकात तो पुन्हा पकड घेत नाही. वीस वर्षांनी रंधा मारून पुन्हा नवे करता येत नाही, अशा वस्तूला महागडी म्हणता येईल, उंची म्हणता येणार नाही.

पॉलिश शक्यतो लाखेचे करावे. पाणी आणि गरम भांडी यांच्यापुढे पीयू (पॉलियुरेथेनचे पॉलिश) अधिक टिकते हे खरे, पण लाखेच्या पॉलिशवरचा ओरखडा तेवढ्याच जागी दुरुस्त होतो, पीयूसाठी सहसा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो. जेवणाच्या टेबलापुरता अपवाद करण्यास हरकत नाही.

दरवाजा चिरू नये. तो भिंतीवर टांगून वर दिवे सोडण्याची सध्याची टूम मला पटत नाही. दार उघडझाप करण्यासाठीच असते. जुनी दारे ठेंगणी असल्याने वर झडप बसवून उंची भरून काढावी. उंच इमारतीत मुख्य दार अग्निरोधक असण्याची अट असू शकते, तेव्हा तो आतल्या खोलीला लावणे सोयीचे.

प्रश्न : स्वयंपाकघरासह संपूर्ण घराला इटालियन मार्बल बसवावा का?

उत्तर : दिवाणखान्यात हौस म्हणून जरूर बसवावा, स्वयंपाकघरात नको. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्साइट. लिंबू, चिंच किंवा आमसुलाचे पाणी सांडले की झिलई खाल्ली जाते आणि पांढुरका डाग राहतो. ओट्याला ग्रॅनाइटच चांगला. जमिनीसाठी कोटा फरशीचा विचार करावा. तीही चुनखडीचीच, त्यामुळे आम्लापासून ती पूर्ण मुक्त नाही, परंतु तिच्या मंद पॉलिशवर डाग तितके उठून दिसत नाहीत आणि मशिनने पुन्हा घासून घेता येते. छापील नक्षीच्या ग्लेझ्ड टाइल्सना ही सोय नाही; त्या घेतल्याच, तर एक-दोन खोकी जादा घेऊन ठेवावीत, कारण तीच नक्षी पाच वर्षांनी बाजारात मिळेलच असे नाही.

प्रश्न : रत्नागिरीत समुद्राजवळ घर आहे. बिजागऱ्या आणि कड्या दोन-तीन वर्षांत गंजतात. उपाय काय?

उत्तर : भरीव पितळ किंवा ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्टील वापरावे. नेहमीच्या ३०४ ग्रेडवर खाऱ्या हवेत तांबूस डाग पडतात, तर ३१६ मधील मॉलिब्डेनममुळे ते बरेच टळतात. पितळेचा मुलामा दिलेले लोखंड लोहचुंबकाने लगेच ओळखता येते. ३०४ आणि ३१६ मधला फरक मात्र चुंबक दाखवत नाही, म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्यावी आणि स्क्रूही त्याच ग्रेडचे मागावेत.