बंडखोरांच्या नाण्यावरची पूर्वजांची लिपी

प्रश्न : अलिबागच्या इस्रायल आळीतील सिनेगॉगमध्ये मी हिब्रू अक्षरे पाहिली होती. अलीकडे एका पुस्तकात इ. स. दुसऱ्या शतकातील ज्यू नाण्याचे छायाचित्र पाहिले, तर त्यावरची अक्षरे अगदीच निराळी दिसली. मग ही दोन्ही हिब्रूच कशी? – एक वाचक, पेण

उत्तर : भाषा एकच आहे, लिप्या दोन आहेत. सिनेगॉगमधली चौकोनी लिपी मूळची अरामी. ज्यूंना बंदी करून बॅबिलोनला नेले गेले, त्या निर्वासनानंतर, इराणी साम्राज्याच्या काळात, ती ज्यूंमध्ये रुळली. तुम्ही पाहिलेले नाणे बहुधा बार कोखबा या ज्यू नेत्याच्या रोमविरुद्धच्या बंडातील (इ. स. 132–135) असावे. त्यावरची लिपी निर्वासनापूर्वीच्या यहुदी राजांच्या काळातली आहे, आणि बंडाच्या वेळी ती रोजच्या व्यवहारातून केव्हाच गेलेली होती.

हे नाणे जरा जवळून पाहण्याजोगे आहे. बंडखोरांनी रोमन अमलातलीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला ठसा मारला, त्यामुळे काही नाण्यांवर पुसट झालेला सम्राटाचा चेहरा अजून ओळखू येतो. मोठ्या रौप्य नाण्याच्या एका बाजूला चार खांबांचे जेरुसलेमचे मंदिर आहे. रोमनांनी ते इ. स. 70 मध्येच उद्ध्वस्त केले होते, म्हणजे ते डोळ्यांनी पाहिलेली माणसे तोवर क्वचितच उरली असतील. दुसऱ्या बाजूला सुक्कोथ या मांडवांच्या सणाला लागणारी खजुरीची झावळी आणि महाळुंग आहे. पहिल्या वर्षाच्या नाण्यांवर ‘इस्रायलच्या मुक्तीचे पहिले वर्ष’ असा लेख आहे.

जेरुसलेमजवळच्या ज्युडियाच्या वाळवंटातील गुहांमध्ये याच बार कोखबाची पत्रे सापडली आहेत, आणि ती मात्र तेव्हाच्या रूढ लिपीत आहेत. एका अरामी पत्रात, ऐन युद्धात, छावणीसाठी झावळ्या आणि महाळुंगे आणायला दोन गाढवे पाठवल्याचा उल्लेख आहे. मला हे पत्र फार मोलाचे वाटते, कारण नाण्यावर कोरलेली वस्तू ही माणसे प्रत्यक्ष हातातही धरत होती, हे त्यातून कळते. कामाच्या पत्राला रोजची लिपी आणि नाण्याला पूर्वजांची, ही निवड जाणूनबुजून केलेली होती. काही नाण्यांवर अक्षरांचा क्रमही चुकलेला आहे. म्हणून माझ्या मते, लेख वाचता यावा यापेक्षा ‘आमचे राज्य जुने आहे’ हे पाहताक्षणी कळावे, हाच मुख्य हेतू असावा. याआधी हस्मोनी या ज्यू घराण्यातल्या राज्यकर्त्यांनी आणि इ. स. 66–70 च्या बंडखोरांनीही नाण्यांसाठी हीच लिपी वापरली होती. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथे सापडलेल्या काही हस्तलिखित गुंडाळ्यांत सगळा मजकूर चौकोनी लिपीत असून केवळ देवाचे नाव जुन्या अक्षरांत लिहिलेले आढळते.

हा वारसा सर्वांना सारखाच मान्य होता, असे मात्र नाही. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने जुन्या लिपीत लिहिलेल्या धर्मग्रंथाला पावित्र्याचा दर्जा नाकारला. ज्यूंचे शेजारी असलेल्या शोमरोनी समाजाने मात्र ती लिपी सोडली नाही. त्यांचा तोराह हा धर्मग्रंथ आजही तिच्यापासून निघालेल्या अक्षरांतच लिहिला जातो.