लस टोचूनही लाळ्या आला? आधी १४ दिवस मागं जाऊन बघा
शिरूर तालुक्यातल्या एका दादांनी विचारलंय, सात एचएफ (होल्स्टीन, संकरित दुधाळ जात) गायी आहेत, लाळ्या खुरकूतची (तोंडाला-खुराला फोड येणारा रोग) लस झालेली, तरी तीन गायींच्या तोंडाला लाळेच्या तारा लागल्यात, आणि डॉक्टर इंजेक्शन द्यायचं सोडून कोण आलं कोण गेलं तेच विचारत बसले, ह्याचा काय उपयोग?

उपयोग आहे दादा, तुमच्यापेक्षा शेजारच्या गोठ्यांना जास्त, रोग कुठून आला ते कळलं तर पुढं पसरायचा अडवता येतो. लाळ्या खुरकूत व्हायरसनं होतो आणि तो व्हायरस मारणारं इंजेक्शनच नाहीये, देतात ते ताप, दुखणं आणि जखम चिघळू नये म्हणून.

लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण २ ते १४ दिवस जातात. म्हणून डॉक्टर आधी जीभ ओढून बघतात. फोड टम्म असला किंवा नुकताच फुटून आत लालभडक सोललेलं दिसलं तर एक-दोन दिवसांचं दुखणं, कडा बोथट होऊन वर पिवळट थर धरला असला तर चार-सहा दिवस होऊन गेलेत. आणि मालक जिला पहिली आजारी म्हणतो ती बऱ्याचदा पहिली नसतेच, कोपऱ्यातली कालवड आधीपासून लंगडत असते आणि खडा टोचला असेल म्हणून सोडून दिलेली असते! जिची जखम सगळ्यात जुनी तिच्यापासून दिवस मागं मोजायचे. त्या दिवसांत चाकणच्या बाजारातून जनावर आणलं का, ऊसतोडीचे बैल शेजारी बांधले होते का, रानात मेंढरं बसवली का (मेंढरांत लक्षणं फारशी दिसत नाहीत पण रोग पसरतो), दुधाचे कॅन नेणारा गोठ्यात शिरला का, सगळं खरं सांगा. बाजारातली गाय लपवून कुणाचं भलं होत नाही.

लसीचं म्हणाल तर ती ह्या व्हायरसच्या ओ, ए आणि एशिया-१ ह्या तीन टाइपवर असते आणि दर सहा महिन्यांनी घ्यावीच लागते, पहिल्यांदा टोचलेल्या वासराला महिन्याभरानं बूस्टर लागतो, तो हमखास राहतो. लस मध्येच गरम झाली तरी वाया जाते. त्यामुळं कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर आणि लसीची तारीख काढून ठेवा.

पुढच्या वेळी लाळ दिसली की लगेच १९६२ ला (जनावरांच्या डॉक्टरांची सरकारी हेल्पलाइन) फोन करा. ताज्या फोडाची साल मिळाली तर सॅम्पल चांगलं जातं, ते तपासायला आपल्याकडं पुण्यात औंधला रोग अन्वेषण विभाग आहे. डॉक्टर येईपर्यंत तोंडात हळद-तेल काही चोपडू नका.

आत्ता, आजारी गायी वेगळ्या बांधा, चांगल्या गायींची धार आधी काढा. १० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून गव्हाण, बादल्या, चपला सगळं धुवा. आजारी आईखाली वासरू अजिबात सोडू नका, त्याच्या हृदयावर जातं, फोड न येताच उभं वासरू कोसळतं. त्याला चांगल्या गायीचं दूध बाटलीनं पाजा.