पहिल्याच नोकरीत कोबोलच्या प्रोजेक्टवर टाकलंय. पुढे नोकरी मिळेल का?

मिळेल, पण नुसत्या कोबोलवर नाही. मेनफ्रेमवर (कोबोल चालते ते मोठ्या संस्थांचे मोठे संगणक) बावीस वर्षं काढलीत, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती आहे हे धरूनच वाचा.

कोबोल ही प्रोग्रॅमिंगची भाषा १९५९ सालची. ती आता जाणार, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. ती टिकलीय ती तिच्यात साठलेल्या नियमांमुळे. एकदा विम्याच्या हप्त्याच्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र अट सापडली: अमुक तारखेआधीची पॉलिसी असेल तर हप्ता वेगळ्याच तक्त्यातून घ्यायचा. नोंद कुठेच नाही, लिहिणारा निवृत्त. तीन आठवडे उकरल्यावर कळलं की ती योजना केव्हाच बंद झालीय, पण तिचे मोजके ग्राहक अजून हप्ते भरताहेत. ती ओळ मी फालतू समजून काढणारच होतो. या धंद्यात पगार मिळतो तो हे उकरून काढण्याचा. कोबोलचं व्याकरण काय, दोन महिन्यांत येतं.

म्हणून मोठ्या संस्था प्रणाली बदलायला कचरतात. ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये खाती नव्या प्रणालीवर हलवली आणि ग्राहकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड केला. असं एक उदाहरण समोर असलं की कुठलंही संचालक मंडळ 'अजून दोन वर्षं थांबू' म्हणतं.

आता कडू भाग. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्यांना जाहीर हाक दिली, तेव्हापासून 'कोबोलवाल्यांना सोन्याचा भाव' अशी समजूत पसरलीय. त्यांनी मागितले होते स्वयंसेवक! जागा निघतात त्या मुख्यतः बँका, विमा, सरकारी खाती आणि त्यांची कामं घेणाऱ्या कंपन्यांत. बहुतेक ठिकाणी अनुभवीच हवा असतो. पगार बरा, डोळे दिपवणारा नाही. आणि रात्री दोनला बॅच, म्हणजे एकगठ्ठा चालणारी कामं, सॉक-सेव्हनने पडली की फोन तुम्हालाच येणार (आकड्याच्या जागी भलताच डेटा आला की ही एरर येते, लवकरच ओळख होईल).

तुम्ही आत आहात, म्हणजे सगळ्यात अवघड पायरी ओलांडलीत. जेसीएल (बॅच चालवायच्या सूचनांची भाषा), डीबी२ (डेटाबेस) आणि सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारी प्रणाली) नीट शिकून घ्या. सोबत जावा ही भाषा ठेवा, कारण स्थलांतराच्या कामात दोन्हीकडचं वाचता येणारा माणूस लागतो. कोबोलचं जावा करून देणारं एआय साधन आयबीएमने २०२३ मध्येच जाहीर केलं. पण रूपांतर झालेला कोड बरोबर आहे की नाही हे ठरवायला जुना व्यवहार समजणारा कुणीतरी हवाच. मला या साधनाची भीती वाटते ती नवशिक्यांच्या बाबतीत: ज्या सोप्या कामांवर आम्ही शिकलो, ती आधी जातील.

दोन वर्षांनंतरही तिकिटं (तक्रारींच्या नोंदी) बंद करणं आणि एखादी ओळ बदलणं एवढंच चाललं असेल, तर प्रोजेक्ट बदलून मागा. हे सगळं कोबोलपुरतं हं, व्हीबी ६ किंवा पर्ल या दुसऱ्या जुन्या भाषांवाल्याला मी वेगळं उत्तर दिलं असतं.

तुमचं काम बॅचचं आहे की ऑनलाइन, आणि बँकेचं की विम्याचं, ते कळवा. मग आणखी नेमकं सांगता येईल.