इस्त्रीने परत आलेली उंची

गणेशोत्सवासाठी तालीम मंडळाने शिवून घेतलेले सुती टी-शर्ट पहिल्याच धुण्यात आखूड झाले, इस्त्री केल्यावर उंची बरीचशी परत आली आणि पुढच्या धुण्यात पुन्हा गेली. तर दोष कापडाचा की इस्त्रीचा, असे आपण विचारले आहे. कोल्हापुरात होजिअरीचे कपडे शिवण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

इचलकरंजीच्या मागावरचे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे असते. टी-शर्टचे कापड एकमेकांत अडकवलेल्या लूपचे असते आणि लूप ओढला की लांबतो. रंगाई व वाळवणीच्या वेळी हे कापड लांबीच्या दिशेने ओढले जाते आणि त्याच ताणात वाळते. पुढे घरी ते पाण्यात पडले की सुती तंतू फुगून जाड होतो, सूत लूपमध्ये सरकते आणि ताणलेला लूप आपल्या मूळच्या गोलसर आकाराकडे परततो. म्हणजे मुख्यतः सूत आटत नाही, लूपचा आकार बदलतो. म्हणूनच उंची घटते, घेर मात्र त्या मानाने कमी घटतो आणि कधी कधी वाढतोसुद्धा. सर्वांत मोठी घट पहिल्या धुण्यात होते, पण कापड स्थिरावायला आणखी काही धुणी लागतात. ड्रायरमध्ये कपडे सतत उलटेपालटे होत असल्याने ही घट आणखी वाढते.

इस्त्री याच्या नेमके उलट करते. ओलसर कापडावर गरम इस्त्री दाबून ओढली की लूप पुन्हा लांबतात आणि ओल उडताच तो आकार तेवढ्यापुरता टिकतो. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे पुरते वाळत नाहीत, दमट शर्टवरच इस्त्री फिरते, त्यामुळे हा भास अधिकच होतो. ओला शर्ट दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनानेही उंची अशीच वाढते.

तेव्हा पुढच्या वेळी कटिंगपूर्वी कापडाच्या तुकड्यावर उभ्या दिशेने 25 सेंटीमीटर अंतरावर दोन खुणा करा, तो धुऊन सपाट पसरून वाळवा आणि इस्त्री न करताच मोजा. अंतर 23.5 भरले तर आटण 6 टक्के झाली. 70 सेंटीमीटर उंचीचा शर्ट 4.2 सेंटीमीटरने आखूड होणार. इस्त्रीनंतरचे माप दाखवणाऱ्या पुरवठादाराचे म्हणणे मी तरी मान्य करीत नाही. शक्य असल्यास कॉम्पॅक्टिंग केलेलेच, म्हणजे कारखान्यातच लांबीच्या दिशेने दाबून आधीच आटवलेले कापड मागा. सध्याचे शर्ट सपाट वाळवा आणि इस्त्री न ओढता, उचलून उचलून टेकवा.