हौशी बागेसाठी रंगीत द्राक्ष: इंदूरच्या काळ्या जमिनीत कोणते वाण लावावे?

या आठवड्यात आलेल्या प्रश्नांपैकी दोन एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहे.

पहिला प्रश्न महू रस्त्यावरील एका निवृत्त वाचकांचा आहे. शेतघराच्या मागे सुमारे 3000 चौरस फूट मोकळी जागा, काळी जमीन आणि बोअरचे पाणी आहे. विक्री करावयाची नाही. नातवंडांना खायला, रसाला आणि जमल्यास घरच्या घरी वाइन करायला लाल द्राक्षे हवी आहेत. नाशिकच्या नातेवाइकांनी कॅबरने सोव्हिन्यों किंवा शिराझ सुचवले आहे, तर एका रोपवाटिकेने क्रिमसन सीडलेसची रोपे देऊ केली आहेत. दुसरा प्रश्न सांवेरकडील शेतकरी बंधूंचा आहे: फ्लेम सीडलेसचे घड दरवर्षी अर्धे लाल आणि अर्धे हिरवे राहतात, असे का होते?

महू रस्त्यावरील वाचकहो, आपण चवीपासून सुरुवात केली आहे. माझा आग्रह मात्र असा आहे की, हौशी बागेचे वाण पावसाळ्यापासून निवडावे. इंदूरची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास, म्हणजे नाशिकशी मिळतीजुळती आहे, आणि त्यामुळे तिकडची बाग जशीच्या तशी इकडे उतरवता येईल असे वाटते. परंतु आपल्याकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी 900 ते 1000 मिलिमीटर पाऊस पडतो, माळव्याची काळी माती ते पाणी दिवसेंदिवस धरून ठेवते, आणि याच काळात वेलीवर पुढच्या हंगामाचे फळ देणाऱ्या काड्या पक्व होत असतात. या काड्यांवरची पाने केवडा आणि करपा या बुरशीजन्य रोगांनी गळून गेली, तर ऑक्टोबरमध्ये कितीही उत्तम छाटणी केली तरी घड निघत नाहीत. व्यावसायिक बागायतदार पावसाची उघडीप मिळताच ट्रॅक्टरचा ब्लोअर घेऊन फवारणीला उतरतो. शनिवार-रविवारी बागेत येणाऱ्या माणसाला ते साधणार नाही, आणि साधावे अशी अपेक्षाही ठेवू नये.

कॅबरने, शिराझ, मर्लो, फ्लेम आणि क्रिमसन ही सर्व युरोपीय कुळातील वाणे आहेत आणि केवड्याला ती सारखीच बळी पडतात. त्यातल्या त्यात कॅबरनेचा घड सुटा व मण्याची साल जाड असल्यामुळे घड कुजण्याचे प्रमाण कमी असते. पण ते उशिरा पिकणारे वाण आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर छाटलेली वेल मार्चच्या उत्तरार्धात तयार होते आणि तोवर इंदूरचे ऊन चाळिशीकडे झुकू लागलेले असते. शिराझ थोडे लवकर पिकते, म्हणून वाइनचेच वाण हवे असेल तर माझी पसंती शिराझला राहील. मात्र त्याचे दहा-बारा वेलच लावावेत आणि त्यांना बागेतील सर्वांत मोकळी, वाऱ्याची जागा द्यावी.

मुख्य लागवडीसाठी मी तीन वाणे सुचवतो. पहिले एआरआय-516. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अमेरिकन कुळातील कटावबा आणि युरोपीय कुळातील ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून ते तयार केले. मातृकुळाकडून बुरशीजन्य रोगांना प्रतिकार आणि पितृकुळाकडून खाण्याजोगी चव, असा हा मेळ आहे. ते मुख्यतः रसाचे वाण आहे आणि छाटणीपासून साधारण 110 ते 120 दिवसांत तयार होते, म्हणजे उन्हाचा तडाखा सुरू होण्याआधी काढणी आटोपते. शिफारस झालेल्या राज्यांत महाराष्ट्र आणि पंजाब हे दोन्ही असल्यामुळे, मधल्या माळव्यात ते वाढवून पाहण्यास मला संकोच वाटत नाही.

दुसरे पुसा नवरंग, दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचे. ते लवकर पिकते आणि करप्याला चांगले तोंड देते. तिसरे मांजरी मेडिका, पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे. पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून ते आले आहे. या दोन्ही वाणांचा गर सुद्धा लाल असतो. शिराझचा पिकलेला मणी चिमटीत दाबला तर सालीतून जवळजवळ पाण्यासारखा गर बाहेर पडतो, कारण त्याचा सगळा रंग सालीत असतो. पुसा नवरंगचा मणी तसाच दाबला की बोटे बीट चिरल्यासारखी रंगतात आणि नखांच्या कडांचा रंग दुसऱ्या दिवशीही जात नाही. घरी रस काढणाऱ्यासाठी हा मोठा लाभ आहे, कारण साल तापवून रंग उतरवण्याचा खटाटोप न करता साध्या कापडातून गाळलेला रसही गडद येतो. नुसते खाण्यासाठी मात्र ही तिन्ही वाणे बिनबियांच्या टपोऱ्या द्राक्षांची बरोबरी करणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

नातवंडांसाठी म्हणून चार-पाच वेल शरद सीडलेसचे लावावेत. बाजारात ज्याला आपण काळे द्राक्ष म्हणतो त्यातलेच हे आहे आणि क्रिमसनपेक्षा आपल्या हवेत त्याला रंग सहज येतो. मणी मोठे करण्यासाठी व्यापारी बागेत वापरतात ती जिबरेलिक आम्लाची द्रावणे घरच्या बागेत वापरण्याचे कारण नाही. मणी लहान राहतील, पण गोड होतील. क्रिमसनची रोपे घेऊ नयेत असे मी स्पष्टपणे सांगतो. उष्ण प्रदेशात त्याला रंग आणणे हे मुरलेल्या बागायतदारालाही जड जाते.

येथेच सांवेरच्या प्रश्नाचे उत्तर येते. मणी मऊ पडून त्यात पाणी उतरू लागले की सालीत रंगद्रव्य तयार होऊ लागते आणि त्यासाठी वेलीला तीन गोष्टी लागतात: मण्यापर्यंत पोहोचणारी साखर, घडावर पडणारा मंद प्रकाश आणि थंड रात्री. आपण पाठवलेल्या छायाचित्रातील वेलीवर मला साठाच्या आसपास घड दिसले आणि पाने इतकी दाट की आतले घड सावलीत बुडालेले आहेत. मांडवावरील रंगीत वाणाला साधारण दीड ते दोन चौरस फुटांमागे एक घड एवढाच भार द्यावा. आपल्या अंतराप्रमाणे वेलीवर वीस-पंचवीस घड ठेवून बाकीचे घड, मणी ज्वारीएवढे असतानाच, काढून टाकावेत. हात धजत नाही हे मी जाणतो, तरीही काढावेत. पाणी उतरू लागताच घडाजवळची दोन-तीन जुनी पाने सकाळच्या उन्हाच्या बाजूने काढावीत. दुपारच्या बाजूची पाने राहू द्यावीत, नाहीतर मणी उन्हाने भाजतात. डिसेंबरनंतर युरिया पूर्ण बंद ठेवून पालाशावर भर द्यावा. आणि छाटणी नोव्हेंबरपर्यंत लांबवू नये, कारण मग पाणी उतरण्याची अवस्था मार्चच्या उन्हात सापडते आणि रात्री उबदार झाल्या की रंग थांबतो. पाऊस उघडल्यावर 10 ते 25 ऑक्टोबर हा फळछाटणीचा काळ मला आपल्या भागासाठी योग्य वाटतो. फुलोरा कडाक्याच्या थंडीआधी उरकतो आणि फेब्रुवारीतल्या थंड रात्री रंगाला मिळतात. डिसेंबर-जानेवारीत थंडीने दव गोठण्याची चिन्हे दिसली तर संध्याकाळी हलके पाणी द्यावे.

आता महू रस्त्यावरील बागेच्या मांडणीकडे येतो. ओळी उत्तर-दक्षिण, दोन ओळींत 8 फूट आणि दोन वेलींत 5 फूट असे अंतर ठेवले तर कडेची वाट सोडून सुमारे 60 वेल बसतील. पहिल्या वर्षी मात्र वीसच लावावेत. दोन पावसाळे ते निरोगी काढता आले की उरलेले लावावेत. वेलीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे असते, तेथे दोन वर्षे जास्त नाहीत.

काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात; फुगल्यावर मुळांना हवा मिळत नाही आणि भेगाळल्यावर मुळे तुटतात. म्हणून दोन फूट रुंद व दोन फूट खोल चर खोदून त्यात मुरूम, माती आणि कुजलेले खत मिसळून भरावे आणि वर दीड फूट उंचीचा वरंबा करून त्यावर लागवड करावी. खताविषयी एक गोष्ट इंदूरकरांना आवर्जून सांगावीशी वाटते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 पासून येथे काम करताना काडीकचरा, शेण आणि मातीचे थर देऊन खत कुजवण्याची जी रीत बसवली ती जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते, आणि त्यांची संस्था होती त्याच परिसरात आज आपले कृषी महाविद्यालय आहे. द्राक्षाच्या चरासाठी आजही याहून चांगले खत मला ठाऊक नाही.

रोपे कलमी घ्यावयाची असतील तर खुंट (ज्या मुळांच्या वेलीवर कलम बांधतात तो) कोणता, हे रोपवाटिकेला विचारून घ्यावे. डॉगरिज हा खुंट हलक्या, क्षारयुक्त जमिनीत उपयोगी असला तरी भारी काळ्या जमिनीत वेलीला एवढा जोर देतो की नुसता पाला माजतो आणि पुन्हा रंगाचीच तक्रार उभी राहते. शिराझ व शरद सीडलेससाठी 110 आर हा मध्यम जोराचा खुंट मागावा. पुसा नवरंगच्या काड्या सहज मुळे धरतात. बोअरचे पाणी गोडे असेल तर हे वाण कलम न करता स्वतःच्या मुळांवर लावण्यास हरकत नाही.

रोगप्रतिकारक वाण म्हणजे फवारणीपासून पूर्ण सुटका नव्हे. खरड छाटणी (नव्या काड्या वाढवण्यासाठीची छाटणी) एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरमध्ये झाल्यावर, तसेच पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे 100 लिटर पाण्यात 1 किलो मोरचूद आणि 1 किलो चुना, ताजे बनवून वापरावे. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नये. थंडीत भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. घड रंगू लागले की पोपट, बुलबुल आणि वटवाघळे येतातच. जाळीचा खर्च आधीच हिशेबात धरावा.

वाइनविषयी एक सूचना आवश्यक आहे. मध्य प्रदेश आबकारी अधिनियम, 1915 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, घरच्यासाठी असले तरीही. म्हणून मी रसाचाच सल्ला देईन. गाळलेला रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावा. तळाशी साखरेसारखे खडे जमतात ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात, त्यांना घाबरण्याचे कारण नाही. वरचा रस निथळून 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा आणि उकळून घेतलेल्या बाटल्यांत गरम असतानाच भरून झाकण लावावे.

लागवड फेब्रुवारी-मार्चमध्ये करावयाची असल्यामुळे दिवाळीनंतर लगेच माती तपासून घ्यावी. खड्ड्यातून वरच्या एका फुटाचा आणि खालच्या एका फुटाचा नमुना वेगवेगळ्या पिशव्यांत भरावा, सोबत बोअरचे एक लिटर पाणी आणावे, आणि तपासणी करून घेताना मुक्त चुनखडीचे प्रमाण व पाण्यातील क्षार अवश्य मागावेत. चुनखडी जास्त निघाली तर कोवळी पाने पिवळी पडतात, लोह वेलीला मिळत नाही, आणि तसे असेल तर चराची जागा बदलण्याविषयी आपण लागवडीआधीच बोलू. नमुने कस्तुरबाग्राम येथील कृषी विज्ञान केंद्रात नेऊन द्यावेत.