इंग्लंडमधील पब आणि लोकसंगीत

प्रश्न : इंग्लंडमधील लोकसंगीत पबमध्ये बसून प्रत्यक्ष ऐकायचे असल्यास कधी आणि कोठे जावे?

उत्तर : डेव्हनमधील सिडमथ येथे १९५५ पासून उन्हाळ्यात भरणारा महोत्सव प्रसिद्ध आहे, मात्र त्यासाठी राहण्याची सोय फार आधी करावी लागते. आमचा कौल शेफील्डला आहे. या शहरालगतच्या डंगवर्थ, स्टॅनिंग्टन यांसारख्या गावांतील पबमध्ये नोव्हेंबरच्या मध्यापासून २६ डिसेंबरपर्यंत स्थानिक नाताळगीते गायली जातात. त्यांतील अनेक चाली इतरत्र क्वचितच ऐकू येतात आणि गाणारे बहुतेक गिऱ्हाईकच असल्यामुळे गायक व श्रोता असा भेद तेथे फारसा उरत नाही. एरवी पबमध्ये वादक-गायक अनौपचारिकपणे जमतात अशा, ‘सेशन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बैठका शोधाव्यात. त्यांना सहसा तिकीट नसते; मात्र वादकांच्या वर्तुळातील खुर्ची विचारल्याखेरीज घेऊ नये आणि कोणी साथीविना गात असल्यास गप्पा थांबवाव्यात. पेय बहुधा काउंटरवरच मागवून तेथेच पैसे द्यावे लागतात. पिंपातच मुरणारी ‘कास्क एल’ ही बिअर चांगली कोठे मिळते, हे १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅमरा’ ही ग्राहकसंघटना आपल्या वार्षिक मार्गदर्शिकेत सांगते. ही बिअर बर्फासारखी थंड नसते. तो दोष समजू नये.