मातीतल्या जिवाणूंच्या जनुकांत बदल करून नवी अँटिबायोटिक्स खरंच मिळतात का? मिळत असतील तर औषधांच्या दुकानात का दिसत नाहीत?

मिळतात. फक्त ती माणूस शून्यातून घडवत नाही. बहुतेक वेळा जनुकं जिवाणूकडे आधीपासून असतात, ती कामाला लावावी लागतात.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतल्या जिवाणूचा जीनोम (त्याचा सगळा डीएनए) २००२ मध्ये वाचून झाला, तेव्हा अशी रसायनं बनवू शकणारे २० हून जास्त जनुकसमूह त्यात निघाले. एवढ्या अभ्यासलेल्या जिवाणूची त्याआधी माहीत असलेली अँटिबायोटिक्स मात्र मोजकीच. बाकीचे समूह प्रयोगशाळेत गप्प असतात. बशीत आयतं खायला आहे, शेजारी शत्रू नाही, मग असली खर्चिक रसायनं तो कशाला बनवेल?

गप्प समूहाच्या आधी क्रिस्परनं (डीएनए हव्या त्या जागी कापून बदलायचं तंत्र) जोरकस प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) बसवला की काही समूह बोलायला लागतात. सगळे नाही. दुसरा मार्ग म्हणजे अख्खा समूह उचलून दुसऱ्या जिवाणूत घालायचा. २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात मॅलासिडिन हे अँटिबायोटिक असंच मिळालं. मूळ जिवाणू वाढवलाच नव्हता. मातीतून थेट डीएनए काढून स्ट्रेप्टोमायसिस अल्बसमध्ये घातला. उंदरांच्या जखमेतल्या एमआरएसएवर (नेहमीच्या अनेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जिवाणू) ते चाललं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती उलटी युक्ती. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. माती आणायची, जिवाणू वाढवायचे, कोण कोणाला मारतो ते बघायचं, ही जुनी रीत मुलांना अजून दाखवतो. याच रीतीनं पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तिथल्याच मातीतून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं होतं. आता त्यातून स्ट्रेप्टोथ्रिसिनसारखी तीच ती जुनी अँटिबायोटिक्स पुन्हा हाती येतात आणि त्यांच्या माऱ्यापुढे त्याच जिवाणूचं दुसरं काही दिसतच नाही. २०१९ मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या गटानं ११ जिवाणूंमध्ये या जुन्या अँटिबायोटिक्सचीच जनुकं क्रिस्परनं निकामी केली. मागे दडलेली दुर्मिळ आणि काही अगदी नवी रसायनं लगेच समोर आली. काही घालायचं नाही, फक्त गोंगाट बंद करायचा!

दुकानाचं म्हणाल, तर रसायन सापडणं आणि औषध होणं यात वर्षानुवर्षांच्या चाचण्या असतात. शिवाय नवं अँटिबायोटिक डॉक्टर मुद्दाम राखून वापरतात, म्हणजे खप कमी. अकाओजेन या अमेरिकी कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला जून २०१८ मध्ये तिथं मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली.